डब्यातली हवा

तांदळाच्या पिठाच्या डब्यामागे हात घातला की मिठाची बरणी लागते, हे शहाबानोच्या हाताला डोळ्यांच्या आधीपासून ठाऊक होतं. त्या सकाळी तिथं बरणी नव्हती. बोटांना काहीतरी थंड, गुळगुळीत, कोपऱ्यात टोचणारं लागलं, आणि ते एकटंही नव्हतं. एकाला एक चिकटून उभी राहिलेली ओळच्या ओळ होती. तिनं झटकन हात मागे घेतला. उंदीर लागला असता तर ती एवढी दचकली नसती. उंदराला या घरात यायची निदान सवय होती. गॅसवर भाकरीच्या पिठाचं आधण उकळत होतं. ती स्टुलावर चढली. फळीच्या मागच्या अंगाला, तिच्या डब्यांच्या पाठीला पाठ लावून, हाफिजच्या गाण्यांच्या सीड्या उभ्या होत्या. सरळ, एका उंचीच्या, एका जाडीच्या, बंदरावर कंटेनर लावतात तशा. मिठाची बरणी हळदीशेजारी सरकवून ठेवलेली होती, तीसुद्धा अगदी काटकोनात. म्हणजे माणसानं हे चोरून केलं असलं तरी नीट केलं होतं. तिनं आधणात मीठ घातलं, पीठ ओतलं, झाकण ठेवलं, आणि बाहेर बसलेल्या नवऱ्याला काहीही म्हटलं नाही. बावीस वर्षं तो समोर नसताना ती त्याच्याशी फोनवरून जेवढं बोलली होती, तेवढं गेल्या चार महिन्यांत तो समोर असताना बोलली नव्हती.

वर्षाकाठी चाळीस दिवसांचा नवरा ठेवायला घराला फारशी जागा लागत नाही. एक खुंटी, कपाटातला एक खण, न्हाणीच्या खिडकीत दाढीचं सामान. सुट्टी संपवून तो गेला की खुंटीवर लेकीचं, यूम्नाचं, दप्तर यायचं, खणात अस्तराच्या कापडाचे तागे यायचे, आणि घर पुन्हा आपल्या अंगाचं व्हायचं. शहाबानोला यात दुःख आहे असं कधी वाटलं नव्हतं. मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांत असंच होतं. ओमानमधल्या एका बंदरावर हाफिज क्रेन चालवायचा. जमिनीपासून कितीतरी उंच, काचेच्या केबिनमध्ये एकटा, खाली डबे आणि वर ऊन. मग दोन हजार दहा साल लागलं, बंदरावरचं काम मंदावलं, कंपनीनं करार वाढवला नाही, आणि तो कायमचा आला. त्याच्या मागून जहाजानं खोकी आली. ब्लँकेटं, मिक्सर, इस्त्री, हे तिच्या हिशेबात होतं. सीड्या नव्हत्या. दर सुट्टीत तो म्हणायचा, ‘थोडी गाणी घेतली’, आणि तिला वाटायचं, चपलेच्या खोक्यात मावतील एवढी असतील. निघाल्या हजाराच्या वर. गझला, कव्वाल्या, जुन्या सिनेमांची गाणी, अरबांचं तारांचं वाद्य, झांझिबारच्या बायकांचं गाणं, तुर्कस्तानचं काय काय. दिवाणाच्या पोटात, पलंगाखाली, कपाटावर छताला टेकेपर्यंत, आणि आता पिठामागे.

यातलं काहीच तिला तितकंसं टोचलं नसतं. टोचत होती ती हॉलची भिंत. पनवेलच्या टपाल नाक्याच्या मागच्या गल्लीतलं हे दुसऱ्या मजल्यावरचं घर. त्यात धड उजेड येतो ती एकच भिंत, गॅलरीच्या दारालगतची. तिथं तिचं शिलाई मशीन होतं, आणि मशीनशेजारी रमजानच्या आधी दुसरं मशीन यायचं ठरलं होतं, कडा गुंडाळणारं, पिको-फॉलचं. रोडपाली, नवीन पनवेल इथल्या बायका हल्ली ब्लाऊज टाकायला तिच्याकडे यायच्या. ही भिंत तिनं कुणाकडून मागून घेतलेली नव्हती. एकेक कुर्ता, एकेक ब्लाऊज करत ती तिची झाली होती. आणि काल कोन गावचा आनंदा सुतार येऊन त्या भिंतीचं माप घेऊन गेला होता. हाफिजनं हात पसरून दाखवलं होतं: हितपासून हितपर्यंत, जमिनीपासून छतापर्यंत, खोल फळ्या. आनंदानं टेप गुंडाळता गुंडाळता विचारलं होतं, “दादा, हितं कपाट उभं केलं तर वैनीचं मशीन कुठं जाईल वो?” शहाबानो आत कांदा चिरत होती. तिची सुरी थांबली. बाहेरून हाफिजचा आवाज आला, “गॅलरीत बसेल की. हवा पण लागेल तिला.” हवा. शहाबानोनं उरलेला कांदा इतका बारीक चिरला की आमटीत तो कुणाला सापडला नाही.

भाकऱ्या झाल्या. यूम्ना कॉलेजच्या गडबडीत, उभ्यानंच खात होती. बापानं पिठामागे लावलेल्या रांगेचा तिला आधीच पत्ता होता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. “अब्बा, हे सगळं एका हार्ड डिस्कमध्ये जाईल,” ती म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा तळहातावर ठेवून माप दाखवलं. “एवढीशी असते. मग सीड्या भंगारात.”

“मग मला पण घाल तिच्यात,” हाफिज म्हणाला. “मी पण जागा खातो.”

“तुमची साईझ मोठी हाय अब्बा. तुमी नाय मावणार.”

“खाताना बोलू नकोस,” शहाबानो म्हणाली, दोघांपैकी कुणाला ते तिलाही ठरवता आलं नाही. हाफिज हसला होता, पण हसताना त्याची नजर भिंतीवरून कपाटावर, कपाटावरून दिवाणावर फिरून आली. लग्नाच्या मांडवात आपल्या ओळखीचं कुणी दिसतं का ते पाहणाऱ्या परगावच्या माणसासारखी. ती नजर तिनं पाहिली आणि तिला स्वतःचाच राग आला. भिंत सोडली तर आपलं काय राहिलं. नाही सोडली तर हा माणूस पाहुण्यासारखा बॅगेवर बसून राहणार. भांडता आलं असतं तर बरं झालं असतं. पण चाळीस दिवसांच्या सुट्टीत भांडण काढायचं नाही, अशी दोघांनी कधी न बोलता घातलेली शिस्त होती, आणि सुट्टी संपली तरी शिस्त संपलेली नव्हती.

दुपारी घर रिकामं झाल्यावर तिनं पिठामागची एक सीडी काढली आणि मशीनपाशी बसून हातात तोलली. वजन हातानं सांगणं ही तिची कला होती, आणि त्या कलेबद्दल ती मनातल्या मनात फार तोऱ्यात असे. मोहल्ल्यातलं कुणी आखातात निघालं की बॅग भरायला शहाबानोला बोलावणं यायचं. शेजारच्या अबरारची आई तर म्हणायची, “बानोनं भरलेली बॅग कस्टमवाल्यानं उघडली तर बंद करायला त्याला परत बानोच लागेल.” जेवढे किलो नेऊ देतात तेवढ्यातच कोळंबीची चटणी, सुके बोंबील, कोकमाचं आगळ, पापड, गोधडी, औषधं, सगळं. काट्यावर बॅग टांगायच्या आधी ती एका हातानं उचलून आकडा सांगायची आणि काट्याला तिचं ऐकावं लागायचं. तिचं शास्त्र एका वाक्याचं होतं: डब्यात हवा असते, आणि विमानवाले हवेचेही पैसे घेतात. म्हणून साबण पुठ्ठ्यातून बाहेर, बिस्किटं पुड्यातून बाहेर, औषधाच्या गोळ्या खोक्यातून बाहेर. बॅग भरताना ती जाणाऱ्याला कधी काही विचारत नसे. जाणारा रडवेला असतो, त्याला काय हवंय ते त्याला कळत नसतं. आणि तिकडून येणाऱ्यांसाठी दुसरा धडा होता, तो तिनं सगळ्या मोहल्ल्याला शिकवला होता: निघायच्या आधी प्रत्येक वस्तूचं कव्हर फाडा, लेबल तोडा, चकचकीत कागद काढून टाका. नवं दिसलं की ड्यूटी लागते. वस्तू वापरलेली दिसली पाहिजे.

आता तिनं सीडीचा डबा उघडला. तबकडी बाहेर काढली. पुढची पुस्तिका सरकवून घेतली. आतला काळा साचा नखानं उचकटला, तो कटकन आवाज करून सुटला, आणि त्याच्या खालून मागचा छापील कागद निघाला, दोन्ही कडांना दुमडलेला, कडांवर नाव. तबकडी, पुस्तिका, कागद, तिन्ही एकावर एक ठेवले तर जाडी झाली एका तांदळाच्या पापडाएवढी. उरलेला डबा तिनं कानाशी नेऊन हलवला. काही वाजलं नाही. बंदरावर डबे रचण्यात जन्म घालवलेल्या माणसानं तिच्या घरात खोकी भरभरून हवा आणली होती. तिला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलेलं, एकटीचं, जरासं गर्वाचं.

पण उघडी तबकडी ठेवायची कशात, हा प्रश्न होता, आणि त्याचं अर्धं उत्तर ब्लाऊज न्यायला आलेल्या पद्मजाबाईंनी न मागता दिलं. रोडपालीच्या पद्मजाबाई म्हणजे तिचं जुनं गिऱ्हाईक. बँकेत होत्या, आणि ब्लाऊज घालून पाहताना सगळ्या घरादाराची खबर द्यायच्या. “भाभी, आमच्या कुमारनी आणला होता ना तो चेनचा फोल्डर, प्लास्टिकच्या पानांचा. सगळ्या सीडीज त्यात. इतकं नीट दिसायचं. आणि दोन उन्हाळ्यांनी बघतो तर काय, प्लास्टिक सीडीला चिकटलेलं. आपल्याकडची हवा काही चांगली नाही हो. बाही जरा सैल करता का?” शहाबानोनं बाहीत टाचणी टोचली आणि तिच्या डोक्यातही त्याच वेळी काहीतरी टोचलं. प्लास्टिक चिकटतं, मग तबकडीला प्लास्टिक लागूच द्यायचं नाही. पैठणीला कोण प्लास्टिकमध्ये कोंडून ठेवतं? आत मऊ सुती, बाहेर पारदर्शक. दोन कप्पे: मऊ कप्प्यात तबकडी, बाहेरच्या कप्प्यात कागद.

मग पुढचे दोन आठवडे ती पिशव्या शिवत होती. धुऊन नरम केलेल्या अस्तराचा दुहेरी कप्पा, आणि त्यावर साडीची पारदर्शक पिशवी कापून बाहेरचा कप्पा. प्लास्टिक सुईशेजारी चिकटून बसायचं, टाका अडायचा. मग तिनं वर्तमानपत्राच्या पट्ट्या वर ठेवून शिवायचं काढलं, शिवून झालं की पट्टी टरकन फाडायची. हाफिज समोरच दिवाणावर कानाला हेडफोन लावून बसलेला असायचा. एकदा त्यानं एक कान मोकळा केला.

“काय शिवतेस?”

“पिशव्या. ऑर्डर हाय.”

“एवढ्या? कुणाची?”

“हाय एक जुनं गिऱ्हाईक.”

“पैसे वेळेवर देतो का?”

“देतो,” ती म्हणाली, “पण राहायला आलाय.” हेडफोन तोवर परत कानावर गेला होता. वाक्य वाया गेलं त्याचं तिला थोडं वाईट वाटलं, कारण ते चांगलं जमलं होतं. तिच्या लक्षात आलं, की हा माणूस घरातही काचेच्या केबिनमध्ये बसतो. त्याचं गाणं घरात कधी मोठ्यानं लागलंच नव्हतं. लावू का, असं त्यानं विचारलं नव्हतं. आणि तिनं, खरं सांगायचं तर, लावा म्हटलं नव्हतं.

मग उरणला हाफिजच्या बहिणीकडे साखरपुडा निघाला. तो यूम्नाला घेऊन तीन दिवसांसाठी गेला. शहाबानोनं शिवणाचं निमित्त सांगितलं. दार लावून तिनं पदर खोचला, सतरंजी पसरली आणि कपाटावरचं पहिलं खोकं खाली घेतलं. हात आपोआप चालू लागले, जसे बॅग भरताना चालायचे. डबा उघड, तबकडी काढ, पुस्तिका ओढ, साचा उचकट. रिकामे डबे गोणीत. नाव छापलेली कागदाची कड पिशवीच्या तोंडाशी उभी राहील असा तो दुमडून घालायचा, म्हणजे पिशव्या फाईलींसारख्या उभ्या लावल्या तरी वरून नाव वाचता येतं. ही युक्ती तिला पहिल्या पाचपन्नासांतच सुचली आणि तिनं आधीच्या सगळ्या परत काढून नीट केल्या. खोकं रिकामं होत गेलं आणि त्यातला सगळा माल एका बाजूला हातभर जागेत उभा राहिला. तिनं मागे सरून पाहिलं. असं काही जमलं की कुणाला तरी बोलावून दाखवावंसं वाटतं. घरात कुणी नव्हतं. तिनं स्वतःलाच चहा केला.

दुसरं खोकं दिवाणाच्या अगदी तळातून निघालं, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं. हात थांबले नव्हते. नख घालायचं, चकचकीत कागद फाडायचा, चुरगळून टाकायचा, डबा उघडायचा. टरकन आवाज व्हायचा आणि तिला तो आवाज वर्षानुवर्षांच्या ओळखीचा होता. आखातातून आलेल्या प्रत्येक वस्तूला तो असतो. अर्धंअधिक खोकं तसंच संपलं. मग पायाशी साचलेल्या पातळ कागदाच्या ढिगात तिची टाच घसरली, आणि तो ढीग पाहताना तिच्या लक्षात आलं, की पहिल्या खोक्यात असा कागद नव्हताच. तिथले डबे उघडलेले, वापरून कोपरे घासलेले होते. हे कोरे होते. हाफिजनं विकत घेतले, ब्लँकेटमध्ये बांधले, साता समुद्रापलीकडून आणले आणि एकदाही उघडले नाहीत. आणि तेही बानोच्या नवऱ्यानं. कव्हर फाडून आणा, हा धडा ज्या घरातून मोहल्ल्यात गेला त्या घरच्या माणसानं कस्टमला अंगावर घेऊन हे सीलबंद आणले होते. म्हणजे विसरून राहिले नव्हते. राखले होते. कुणासाठी, कशासाठी, हे तिला एकदम कळलं नाही. पण आपण काहीतरी फाडलं जे परत चिकटवता येत नाही, एवढं कळलं. ती ते कागद एकेक उचलून एका पिशवीत भरू लागली. बाहेर टपाल नाक्यावर कुणाची तरी रिक्षा उलटी घेताना एकसुरी किंकाळत होती.

हाफिजचा फोन आठवला. पूर्वी कार्ड खरवडून फोन करायचा तेव्हाचा. गुरुवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा आणि बोलणं संपत आलं की तो म्हणायचा, थांब, ऐक. रिसीव्हर तो टेपजवळ न्यायचा. इकडे तिच्या कानात खरखर, लांबून कुणीतरी विहिरीतून गातंय असं काहीतरी, गॅसवर भात, यूम्ना मांडीवर. “आवाज येत नाय नीट,” ती म्हणायची. “बरं. घरी आल्यावर ऐकू.” मग तो घरी यायचा. चाळीस दिवसांत लग्नं असायची, मयती असायच्या, गळकी गच्ची, रेशनकार्ड, सगळ्या नातेवाइकांकडे एकेक जेवण. परत निघताना विमानतळावर तो म्हणायचा, “ऐकायचं राहिलं.” ती म्हणायची, “पुढच्या खेपेला.” ती हे सगळ्याच गोष्टींबद्दल म्हणायची. गच्चीबद्दलही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बापलेक आले. यूम्ना दारातच थबकली, गोणी पाहून म्हणाली, “अम्मी, मेलीस तू,” आणि मिठाईचा डबा घेऊन शहाण्यासारखी आत निघून गेली. हाफिज आत आला. गोणीत वाकून त्यानं एक रिकामा डबा काढला, उघडला, मिटला. क्रेनवरून माल खाली पडलेला पाहावा तसा तो गोणीकडे पाहत होता.

“डबे काढलेस.”

“काढले.”

“विचारायचं होतंस.”

“बॅग भरताना मी कुणाला विचारते?”

“ही बॅग नाय बानो.” तो दिवाणावर बसला. “डबा गेला म्हंजे माल कुणाचा, कुठला, कसं कळणार?”

तिनं भरलेलं खोकं त्याच्या गुडघ्यापाशी सरकवलं. त्यानं वरून पाहिलं. नावांच्या कडा एकामागे एक उभ्या होत्या. त्यानं त्यांवरून बोट फिरवलं, एक पिशवी उपसली, उजेडात धरली. अस्तराच्या आत बोट घालून कापड चाचपलं. शिवण उलटी करून पाहिली, जणू त्याला त्यातलं कळत होतं. मग पिशवी परत त्याच जागी घातली, आणि ती न अडखळता गेली. त्यानं हाताची वीत खोक्याला लावली, मग कपाटावरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि त्याच्या ओठांची हालचाल झाली, आकडेमोड करताना व्हायची तशी.

“चाळीस फुटी कंटेनरचा माल वीस फुटीत बसवलास,” तो म्हणाला. “वीस पण नाय. दहाच्या आत.”

लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. तिच्या रंगाबद्दल, हातच्या चवीबद्दल, तिनं एकटीनं वाढवलेल्या मुलीबद्दल त्यानं कधी ना कधी चांगलं म्हटलं होतं. पण हे त्याच्या कामाच्या भाषेतलं होतं, बरोबरीच्या माणसाला म्हणावं तसं. शहाबानोची मान इतकी ताठ झाली की तिची तिलाच लाज वाटली. आणि म्हणूनच पुढचं लगेच सांगून टाकणं भाग होतं. तिनं मशीनखालून चकचकीत कागदांची पिशवी ओढून त्याच्यासमोर ठेवली.

“हे पण फाडलं. मला कळलं नाय. हाताला सवय.”

त्यानं त्यातला एक कागद बोटांत धरून सरळ केला.

“तुमी ऐकल्या नाय ह्या.”

“नाय.”

“मग घेतल्या कशाला?”

“दुकानात हेडफोन असायचे,” हाफिज म्हणाला. तो तिच्याकडे नाही, पिशवीकडे बघत होता. “घ्यायच्या आधी थोडं ऐकू द्यायचे. बरं वाटलं तर घ्यायचं, रूमवर जाऊन ऐकायचं. रूमवर वेळ लय असतो बानो. तो कशानं तरी भरावा लागतो. पण एखादं असं निघायचं, की दोन मिनिटं ऐकलं आणि वाटलं, हे हितं नको. हे भरती म्हणून वापरायचं नाय. मग लगेच हेडफोन काढून ठेवायचो.” त्यानं हातातला कागद पिशवीत परत टाकला. “बऱ्या होत्या त्या ऐकल्या. चांगल्या ठेवल्या.”

“आणि मी फाडल्या.”

“कागद फाडलास. ऐकल्या कुठं अजून?”

आतून यूम्नाचा आवाज आला, “भांडण संपलं असेल तर मिठाई आणू का?” आणि हाफिज म्हणाला, “आण, आणि आनंदाला फोन लाव.” आनंदाशी तो नेहमीच्या मोठ्या आवाजात बोलला. कपाट नको. भिंत राहू दे. टेबल पाहिजे, दुसऱ्या मशीनचं, आणि खाली दोन्ही बाजूंना खोल खण. “कशाला म्हंजे? सीड्यांना. हो रे, सगळ्या. मावतात. आमच्या बानोनं बसवल्या हायत. तू येऊन बघ, तुला पण शिकायला मिळेल.” फोन ठेवून तो शहाबानोकडे वळला. “मशीनच्या हादऱ्यानं काय होणार नाय ना?”

“गाणी हायत ती,” ती म्हणाली, “अंडी नायत.”

टेबल आलं, मशीन आलं. उरलेल्या खोक्यांचं काम अजून महिनाभर पुरणारं होतं, पण घाई नव्हती, आणि आता डबे हाफिज स्वतः उचकटायचा. साचा न मोडता काढायची त्याची पद्धत तिच्याहून बरी होती, हे तिनं मान्य केलं, फक्त बोलून दाखवलं नाही. जुम्म्याच्या दिवशी संध्याकाळी यूम्ना मैत्रिणीकडे गेली, तेव्हा त्यानं प्लेअर टेबलावर आणून ठेवला आणि हेडफोनची वायर काढून गुंडाळून ठेवली.

“तू काढ एक. त्या फाडलेल्यांतली.”

शहाबानोनं खण ओढला. वाचून काही कळण्यासारखं नव्हतं. अर्ध्या नावांची लिपी तिला येत नव्हती. तिनं बोटाला लागली ती पिशवी उपसली. तबकडी आत गेली, बारीक घरघर झाली, आणि मग घरात, मोकळ्या हवेत, एक तार वाजली. एकच. मग बराच वेळ गेल्यावर दुसरी. ती दिवाणाच्या कडेला बसली होती. हातात काही नव्हतं, आणि हात मांडीवर कसे ठेवायचे हे तिला आठवेना. तिनं काजं करायला टाकलेला ब्लाऊज ओढला, हाफिजनं तो काही न बोलता तिच्या हातातून काढून बाजूला ठेवला. तार चालली होती, कुठं पोचायची घाई नसल्यासारखी. शहाबानो गाणं सुरू व्हायची वाट पाहत होती. तिला आधी पंख्याचा आवाज ऐकू आला, मग खालच्या मजल्यावरची भांडी, मग पुन्हा तार, आणि मध्येच लक्षात आलं, की आपण श्वास तारेच्या हिशेबानं घेतोय.

“गाणारा कधी येतो?” तिनं हळूच विचारलं.

“माहीत नाय.”

“तुमी ऐकलंय ना?”

“सांगितलं ना, दोन मिनिटं. हितपर्यंतच.” त्यानं जरा कान दिला. “आता पुढचं मला पण नवीन हाय.”

“दोन मिनिटांत काय आवडलं एवढं यात?”

“तेच आठवतोय,” हाफिज म्हणाला, आणि दोघं हसले, हळू, मोठ्यानं हसलं तर तार तुटेल अशा बेतानं. ती त्याच्याकडे पाहत राहिली. तो पडला, पाय मोडला, बरा झाला, हे तिला बरा झाल्यावर कळलेलं. यूम्ना चालायला लागली ते त्याला ती धावायला लागल्यावर कळलेलं. एकमेकांच्या हाती सगळं पूर्ण होऊन, घडी घालून, वजन करूनच आलं होतं. हे मात्र चालू होतं. याचं पुढे काय होणार हे त्याला माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं, आणि तो तिच्या एका सुरानंही पुढे नव्हता. हे तिला इतकं थाटाचं वाटलं, की तिनं पदर सावरून पाठ सरळ केली, फोटो काढताना करतात तशी.

दाराची बेल वाजली. पद्मजाबाई, ऑफिसातून परस्पर आलेल्या, हातात नवं कापड. “भाभी, गेल्या आठवड्यात टाकलेला ब्लाऊज झाला का? मी पाच मिनिटांत निघते हो, खाली रिक्षा थांबवलीय.” बावीस वर्षांत शहाबानोनं गिऱ्हाइकाला दारात ताटकळत ठेवलं नव्हतं.

“होतोय. रिक्षा सोडून द्या आणि आत येऊन बसा, नायतर उद्या या,” ती आवाज खाली ठेवून म्हणाली. “आमी ऐकतोय.”

पद्मजाबाईंनी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. हाफिज दिवाणावर डोळे मिटून बसला होता, आणि शेजारी एक माणूस बसेल एवढी गादी दबलेली होती. त्या उद्या येते म्हणाल्या. शहाबानोनं कडी न वाजवता दार लावलं आणि परत येऊन त्याच जागी बसली. गाणारा अजून आलेला नव्हता.